एक फाइल वापरात आहे

१

काशिनाथचं घर लांबट होतं. पुढे डीटीपीचं दुकान, मधे अरुंद माजघर, मागे स्वयंपाकघर. दारं एका रेषेत असल्यामुळे पुढे कुणी शिंकलं तरी गॅसपाशी ऐकू यायचं.

दुकान त्याच्या बायकोचं, आनंदीचं. लग्नपत्रिका, दशावताराच्या जाहिराती, जत्रेची हँडबिलं, देवबागच्या होमस्टेवाल्यांची दरपत्रकं, बाराव्याची कार्डं असं सगळं ती संगणकावर जुळवायची आणि छापायला कुडाळला पाठवायची. काशिनाथ हायस्कुलात मराठी शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा त्याच्याकडे आला आणि त्याबरोबर आणखी एक काम आलं, ते देवळातला जमाव होण्याचं.

झालं होतं असं की आनंदीचं मशीन जुनं होतं. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायच्या. मेमरी किती, डिस्क कुठली, कीबोर्ड आहे का, माउस आहे का. तिच्या बहिणीच्या मुलाने, कौस्तुभने, त्या ओळी लपवून सुंदरसं चित्र लावून देतो म्हटलं होतं. ती नको म्हणाली. तिला त्यात गाऱ्हाणं दिसायचं. देवळात गावकार देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने एकेक मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात, तसं.

रोज सकाळी पुढच्या खोलीतून तिचा ठेक्यात आवाज यायचा.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या मशीन लावलंय. मेमरी मोजून घेतलंय, कीबोर्ड हजर आसा, माउस हजर आसा, पंखो फिरता, तेंका सगळ्यांका आपापल्या जाग्यार उभे कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काशिनाथ गॅसपाशी म्हणायचा.

"काल लाईट गेली तेवा जा काय अर्धा-मुर्धा रवला आसात, पुसूचा रवला आसात, ता साफ कर आणि लेकराक मोकळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याने उत्तर दिलं नाही तर ती पुढे जायची नाही. चहा उतू जात असला तरी नाही. "अहो, व्हय म्हणणारे खंय गेले? झोपले काय?" असं विचारून वाट बघत बसायची. पडद्यावरच्या ओळी केव्हाच संपलेल्या असायच्या.

"बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता गो," काशिनाथ एकदा म्हणाला होता.

"आणि घोवान चा करूचो असता?" ती म्हणाली होती.

२

भाद्रपदात ती माहेरी, वैभववाडीकडे, गेली. भावाच्या शेतात दोन दिवस बेणणीला, तण काढायला, उतरली, परत आली आणि तिला ताप भरला. साधा ताप म्हणून तिने पहिले दोन दिवस काम चालूच ठेवलं. तिसऱ्या दिवशी दवाखाना, मग मोठा दवाखाना. डॉक्टर लेप्टो म्हणाले, शेतातल्या पाण्यातून होणारा ताप. आठवडा भरायच्या आत ती गेली.

पुढच्या खोलीतली चाकांची खुर्ची ती उठून गेली तेव्हा जशी होती तशीच राहिली. टेबलापासून मागे सरकलेली, थोडी दाराकडे वळलेली. आनंदी कामावरून उठली की खुर्ची नेहमी टेबलाखाली सारून ठेवायची. त्या दिवशी तिने ती तशीच टाकली होती. काशिनाथने ती हलवली नाही. त्याने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि खुर्चीच्या बाजूला ठेवून त्यावर बसू लागला.

दुकान बंद करायचं त्याच्या मनात होतं, पण माणसं येत राहिली. गुरुजी, एवढी पत्रिका करून द्या. गुरुजी, आमच्या देवळाचं हँडबिल वहिनींकडेच असायचं. कौस्तुभने दोन रविवार येऊन त्याला शिकवलं. शुद्धलेखन त्याला यायचंच.

प्रूफ तपासायची आनंदीची एक पद्धत होती. मजकूर जुळवून झाला की ती मूळ कागद माइकपुढे मोठ्याने वाचून ठेवायची, आणि मग आपलाच आवाज ऐकत पडद्यावर एकेका शब्दाखालून बोट फिरवायची. काम झालं की रेकॉर्डिंग पुसून टाकायची. शेवटचं तेवढं राहिलं होतं.

फाल्गुनात ते काशिनाथच्या हाती लागलं. त्याने ते लावलं.

कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती. आमचे येथे श्रीकृपेकरून. आनंदीचा आवाज बसलेला होता, मधे मधे खोकत होती. आजोळच्या निमंत्रकांपर्यंत ती आली आणि थांबली. "थांबा हां," ती कुणाला तरी म्हणाली, बहुधा त्यालाच, "जरा आडवी पडतंय." मग खुर्चीची चाकं फरशीवर घरंगळल्याचा आवाज. मग काही नाही. रेकॉर्डिंग बंद करायचं ती विसरली होती. पुढे नुसती खोली ऐकू येत होती. पंखा. रस्त्यावरून गेलेली रिक्षा. मग लांबून, स्वयंपाकघरातून, त्याचा स्वतःचा आवाज: "चा ठेवू?"

कुणी उत्तर दिलं नाही.

"गो, चा ठेवू?"

काशिनाथने ते तिथेच पुसलं. का पुसलं हे त्याला नंतर नीट सांगता आलं नसतं. आवाज अजून चालूच होता, खोली अजून ऐकू येत होती आणि त्याने पुसायचं बटण दाबलं, होय म्हटलं, आणि तेवढ्यात लाईट गेली.

३

फणसाची फांदी तारांवर पडली होती. लाईट दुपारी आली. इन्व्हर्टरची बॅटरी कधीच मेली होती. पण आनंदीने मशीनला अशी सोय करून ठेवली होती की लाईट आली की ते आपलं आपण जागं व्हायचं. काशिनाथ माजघरात आडवा झाला होता. पुढे टीं असा आवाज झाला म्हणून तो उठून गेला.

काळ्या पडद्यावर ओळी सरकत होत्या. त्या इतक्या वर्षांत त्याने कधी वाचल्या नव्हत्या, नुसत्या ऐकल्या होत्या. आता त्याने वाचल्या, कारण एका ओळीपाशी त्या थांबल्या. इंग्रजीतच, पण साधी ओळ होती. पुसलेली एक फाइल बाकी आहे. फाइल वापरात आहे. पुढच्या वेळी.

मशीन क्षणभर तिथेच अडलं. कुणीतरी श्वास घेऊन थांबावं तेवढंच. मग पुढे गेलं आणि नेहमीचा निळा पडदा आला.

त्याने फाइल शोधली. ती नव्हती. कचरापेटीतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मुद्दाम स्टूल ओढून पडद्यापुढे बसून मशीन लावलं. तीच ओळ. तेच थांबणं.

त्याला बरं वाटलं. बरं वाटण्याजोगं त्यात काय आहे हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

४

कौस्तुभचं कुडाळला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी तो आला तो आधी स्वयंपाकघरात गेला, झाकण उघडून पातेल्यात बघितलं आणि म्हणाला, "काका, हीच आमटी गेल्या रविवारी होती. तीच आसा काय?"

"तीच. तुझ्यासाठी राखून ठेवलंय."

"मावशी असती तर माका कोंबडी गावली असती."

"मावशी असती तर तुका मशीन खोलूक दिल्यान नसता. बस गप."

कौस्तुभ हसला, मग हसणं आवरून मशीनपुढे आला. तो खुर्चीत बसायला गेला तसा काशिनाथने "थंय नको" म्हणून स्टूल पुढे केलं. कौस्तुभ स्टुलावर बसला.

काशिनाथने झालं ते सगळं सांगितलं. कौस्तुभ कामाचं बोलू लागला की शाळेतलं मराठी बोलायचा.

"हे असं असतं बघा. फाइल पुसली म्हणजे पहिल्यांदा तिचं फक्त नाव जातं. आतला मजकूर जागेवरच असतो. एखादा प्रोग्राम ती फाइल उघडून बसलेला असेल तर मशीन ती खरोखर पुसत नाही. त्याचं काम होईपर्यंत थांबतं. तुम्ही ऐकत असताना पुसलीत, म्हणजे ती उघडी होती. आणि तेवढ्यात लाईट गेली. म्हणजे ती फाइल ना धड आहे, ना धड गेली."

"मगे?"

"मग पुढच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हा सगळ्यात आधी त्याचा गाभा जागा होतो. त्याला कर्नेल म्हणतात. बाकी काहीच उठलेलं नसतं, हा एकटाच. तो अशा बिननावाच्या फायली शोधतो आणि साफ करतो. मावशी म्हणायची बघा, पुसूचा रवला आसात ता साफ कर. तेच."

"पण तेना साफ करूक नाय."

"चला, बघूया."

त्याने मशीन बंद करून लावलं. ओळी सरकल्या, थांबल्या. कौस्तुभने ती ओळ वाचली. पुन्हा बंद करून लावलं, पुन्हा वाचली. मग मोबाइलवर बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. काशिनाथ त्याच्या मानेकडे बघत उभा होता.

"काका," कौस्तुभ शेवटी म्हणाला, आणि आता त्याची भाषा पुन्हा घरची झाली होती, "ही ओळ कर्नेलात नसता. साफ केल्याची ओळ आसा. वापरात आसा अशी ओळ कोणी लिवलेलीच नाय. आणि लिवतलो कित्याक? तेवा दुसरा कायच उठलेला नसता. वापरतला कोण?"

"मशीन बिघडला आसात."

"आसात," कौस्तुभ म्हणाला. "बिघडलाच आसात."

"मजकूर भायर काढूक येयत?"

काशिनाथने हे इतक्या हळू विचारलं की कौस्तुभने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मी पुसूक नको होता रे ता," काशिनाथ म्हणाला. "तिचो आवाज दुसरो खंयच नाय. लग्नाच्या व्हिडिओत पण ती बोलणा नाय, नुसती हसता."

कौस्तुभने मान हलवली. "साफ झाली नाय तवसर मजकूर आसा. साफ झाली काय गेली, मगे माका काय, कोणाकच गावाची नाय. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेवन येतंय. तवसर मशीन लावा नको."

५

काशिनाथने तो आठवडाभर मशीन लावलं नाही असं नाही. तो रोज सकाळी लावायचा, ती ओळ बघायचा आणि बंद करायचा. आनंदी दवाखान्यात असताना तो असाच काचेतून डोकावून यायचा.

पुढच्या रविवारी कौस्तुभने आपला लॅपटॉप मशीनला जोडला, वायर टाकली आणि बिननावाच्या फाइलच्या जागेवरचा मजकूर ओढून घ्यायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तो कपाळ खाजवू लागला.

"ही फाइल केवढी लांब होती?"

"अर्धो-पाऊण तास. मगे लाईट गेली आसतली."

"ही दिवसच्या दिवस आसा."

सगळी ओढणं शक्यच नव्हतं. शेवटचा एक तुकडा तेवढा हाती लागला. कौस्तुभने लॅपटॉपचा आवाज मोठा केला. दोघं ऐकू लागले.

पत्रिका नव्हती. आनंदी नव्हती. नुसती खोली होती. पंख्याची घरघर. माडाची झावळं. लांब कुठेतरी मोटारसायकल. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज. मग माइकच्या अगदी जवळ कागदाचं पान उलटल्यासारखी चाहूल, आणि पुन्हा काही नाही.

"जुनाच आसा," कौस्तुभ म्हणाला. "मावशी उठून गेली, ता रेकॉर्ड होत रवला, तोच भाग."

"व्हय."

मग घंटा वाजू लागली. एका लयीत, न चुकता, न दमता, मागून झांज आणि नगारा. वेळ सकाळच्या आरतीची. काशिनाथ ऐकत राहिला. देवळातल्या घंटेचा आवाज त्याच्या इतक्या सवयीचा होता की त्यात चुकलेलं काय हे कळायला त्याला आरती संपावी लागली.

मोटरवर चालणारी ती घंटा देवळात माघात बसवली होती. मुंबईच्या कुणी भक्ताने दिली होती. देणगीदाराच्या नावाचं कार्ड काशिनाथनेच जुळवलं होतं. त्याचं ते पहिलं काम. आनंदीच्या वेळी घंटा हाताने वाजायची आणि वाजवणारा बाबली मधेच दमायचा.

कौस्तुभच्याही ते ध्यानात आलं होतं. देवळाच्या अंगणातून तो मोटारसायकल घेऊन यायचा. त्याने लॅपटॉप मिटला नाही. आधी तो तुकडा पुसला, मग पुसलेला पुन्हा पुसला, मग मिटला.

"ता माका दी मरे," काशिनाथ म्हणाला.

"नको काका." त्याने वायर गुंडाळली. "माइक खंय आसा?"

माइक टेबलावर होता. त्याची वायर मशीनमध्ये नव्हती. ती काशिनाथनेच दिवाळीच्या साफसफाईत काढून, रबर लावून, माइकभोवती गुंडाळून ठेवली होती.

जेवण न करताच कौस्तुभ निघाला. पायऱ्या उतरून त्याने गाडी वळवली, मग पुन्हा थांबला.

"काका, ता साफ होता तर होवंदे," तो म्हणाला. "मी नवीन मशीन घेवन येतंय. पैशे नको माका."

"बघूया," काशिनाथ म्हणाला.

६

मशीन बिघडलं आहे, हे त्याचं मत कायम होतं. जुनी डिस्क आहे, त्यात काहीतरी कशात मिसळतं. घंटेचा आवाज कुणाच्या तरी मोबाइलमधून आला असेल. कौस्तुभ हुशार आहे, पण तोही घाबरला म्हणजे चुकू शकतो. इतकी वर्षं मुलांना निबंध शिकवले होते. कारण आधी, निष्कर्ष नंतर, हे त्याने हजारदा फळ्यावर लिहिलं होतं.

पुढे त्याने एक बदल केला. बटण दाबून तो पडद्यापुढे बसायचा नाही. पूर्वीसारखा स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवायचा.

पहिल्या दिवशी पंखा ऐकू आला. मशीनचा पंखा जुना, सुरू होताना तो घुमायचा आणि त्या घुमण्याला एक ठेका होता. दुसऱ्या दिवशीही पंखाच. कितव्या तरी दिवशी, दूध घालताना, त्याच्या लक्षात आलं की पंखा मधे थांबतो.

घुमायचा, घुमायचा, आणि थांबायचा. एखाद्या माणसाने एक मागणं म्हणून थांबावं तसा. मग पुन्हा. शब्द नव्हते. निदान गॅसपाशी तरी शब्द पोचत नव्हते. फक्त चाल होती. शेवटच्या भागात ती चाल जरा वर चढायची. गाऱ्हाण्यात तिथे आनंदीचं "साफ कर आणि लेकराक मोकळा कर" यायचं.

आणि मग ते सगळ्यात लांब थांबणं.

काशिनाथ हातात गाळणी घेऊन उभा होता. त्याच्या जिभेवर उत्तर आलं होतं. इतक्या वर्षांची सवय. तोंड उघडलंही होतं. त्याने ते मिटलं.

पुढे जाऊन बघितलं तेव्हा पडद्यावर ओळ होती. वापरात आहे. पुढच्या वेळी. खुर्ची तशीच, मागे सरकलेली, दाराकडे वळलेली. आपण उत्तर देईपर्यंत ती थांबते, एवढंच त्याच्या मनात आलं. ती कोण, हे त्याने मनातही पुरं केलं नाही.

७

त्यानंतर काशिनाथ सकाळी बोलायचा बंद झाला.

मशीन चालू होऊन निळा पडदा येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा त्याने नियम केला. फोन वाजला तर घ्यायचा नाही. दूधवाल्याला मानेने सांगायचं. उत्तर मिळालं नाही तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. पुरं झालं नाही तर फाइल साफ होत नाही. यात कारण आणि निष्कर्ष दोन्ही होते, फक्त ते फळ्यावर लिहिण्यासारखे नव्हते.

त्याला सुख झालं असं म्हणता येणार नाही. पण तो दाढी रोज करू लागला. आमटी ताजी करू लागला. लग्नसराई होती, कामं भरपूर होती. स्टुलावर बसून तो जुळवणी करायचा, आणि मजकूर वाचताना, का कोण जाणे, बाजूच्या खुर्चीकडे थोडं वळून, जरा मोठ्याने वाचायचा.

मात्र ते घुमणं दिवसेंदिवस थकत चाललं होतं. हेही त्याला ऐकू येत होतं. आनंदी तापात पत्रिका वाचत होती तसं. मधे मधे अडखळायचं. शेवटचं थांबणं तर इतकं लांबायचं की निळा पडदा यायला चहा निवायचा. एकदा त्याला वाटलं, आज उत्तर द्यावं. लगेच दुसरं वाटलं, आणि मग उद्या काय ऐकू?

शेजारची तुळसाकाकी परसातून त्याला हाक मारायची. आनंदीची ती मोठी सोबतीण. लिहिता-वाचता येत नसलं तरी कुठल्या पत्रिकेचा रंग चांगला आला हे तीच सांगायची.

"काशिनाथ, सकाळी हाक मारलंय तर बघलंस नाय? तोंडात काय मिठाची गुळणी धरलं होतंस?"

"पूजेत होतंय काकी."

"तू आणि पूजेत?" ती म्हणाली. "आनंदी ऐकता हां वरसून. हसान मरतली." मग तिचं तिलाच लक्षात आलं आणि ती पदर सावरत आत गेली.

८

वैशाखातली सकाळ होती. पहाटेच लाईट गेली होती. काशिनाथने परसाचं दार उघडं टाकून उजेडात पेज शिजत ठेवली. लाईट नसली की त्याला सैल वाटायचं, नियम पाळायचा नसायचा. त्याने पेजेत मीठ घातलं, डाव फिरवला, खोबऱ्याची वाटी शोधली.

फ्रिज गुरगुरला. माजघरातला पंखा फिरू लागला. पुढे टीं असा आवाज झाला.

काशिनाथने ओठ मिटले.

आज ते लगेच सुरू झालं. मशीनचा पंखा नव्हता. त्याला इतके दिवस पंखा म्हणता येत होतं, आज येत नव्हतं. भिंतीपलीकडे कुणी हळू बोलत असलं की शब्द कळत नाहीत पण माणूस कळतो. बसलेला घसा होता. पहिलं मागणं झालं. थांबणं. दुसरं मागणं, मधे खोकल्यासारखं काहीतरी. थांबणं. त्याने डाव घट्ट धरला होता. पेज कडेने वर येऊ लागली होती आणि त्याला गॅस बारीक करायचं सुचत नव्हतं.

परसातून कुणीतरी आलं. दारात तुळसाकाकी होती, हातात फणसाच्या भाजीचा टोप, वर केळीचं पान. ती काहीतरी बोलणार होती, पण तिने काशिनाथकडे आणि मग माजघराच्या दाराकडे पाहिलं, आणि बोलली नाही. कुठेही गाऱ्हाणं चालू असताना माणूस गप्प होतो तशी ती गप्प झाली. वाकून टोप उंबऱ्याशी ठेवला. डोक्यावर पदर घेतला.

शेवटचं मागणं वर चढलं.

काकीने हात जोडले. ती आता काय करणार हे काशिनाथला दिसत होतं आणि तरी कळत नव्हतं. गावातलं कुठलंही माणूस, झोपेतून उठवलं तरी, तिथे तेच म्हणेल. कळलं तेव्हा त्याने हात पुढे केला, डावासकट. पेजेचे थेंब फरशीवर पडले.

"व्हय म्हाराजा!" तुळसाकाकी म्हणाली.

पुढे खुर्चीची चाकं घरंगळली.

मग काही नाही. माजघरातला पंखा फिरत होता.

काशिनाथने गॅस बंद केला. तो माजघरातून पुढे गेला, फार भरभर नाही. खिडकी बंदच होती, दाराला आतून कडी होती. पडद्यावर निळा रंग यायच्या आधीची शेवटची ओळ अजून होती. पुसलेली एक फाइल साफ केली. बाकी काही नाही.

खुर्ची टेबलाखाली नीट सारून ठेवलेली होती.

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. रेक्झिन थंडच होतं, सकाळी असतं तसं. निळा पडदा आला आणि कोपऱ्यात आजची तारीख दिसू लागली.

तो परत आला तेव्हा तुळसाकाकी फडक्याने फरशीवरची पेज पुसत होती.

"कोण रे भायर?" तिने विचारलं. "गळो वळखीचो वाटलो. बाईमाणूस गाऱ्हाणा घालता ता ऐकान माका आधी हसाक येय होता. किती दिसांचा दमलेला वाटला बिचारा. कोण इला हा?"

"कोण नाय," काशिनाथ म्हणाला. "लाईट इली, मशीन चालू झाला."

काकी त्याच्याकडे बघत राहिली. हातातलं फडकं तिने पिळलं नाही, तसंच धरून ठेवलं.

काशिनाथने गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, पाणी ओतलं. मग माजघराच्या दाराशी जाऊन, चौकटीला हात लावून, त्याने पुढे हाक दिली.

"चा ठेवू?"

पुढची खोली गप्प होती. तो थांबला. आणखी थोडा थांबला.

"ठेव," मागून तुळसाकाकी म्हणाली. "माका अर्धोच."